शाळेच्या म्युझिकलची ऑडिशन : गाणं निवडण्यापासून यादी लागेपर्यंत

ऑडिशनच्या खोलीत तुला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यातलं गाणं तर अर्ध्या-पाऊण मिनिटाचं. तेवढ्यात समोरची मंडळी तीन गोष्टी बघतात. तुझे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील का? गाताना तुझ्या मनात काही चाललंय का? आणि ‘आता जरा वेगळं करून बघ’ म्हटल्यावर तुला खरंच वेगळं करता येतं का? तिसरी गोष्ट मुलांना माहीतच नसते, आणि शाळेच्या नाटकात बऱ्याचदा तीच निर्णायक ठरते. पुढचे कित्येक आठवडे तालमी घ्यायच्या असतात. गळा गोड पण दरवेळी एकाच साच्यात गाणारं मूल आणि आवाज साधा पण सांगितलेलं कानात शिरणारं मूल, यांत दिग्दर्शकाचा कल दुसऱ्याकडे जातो. खाली जे काही सांगितलंय ते याच हिशेबाने.

आधी सूचना, मग गाणं

ऑडिशनची सूचना लागली की ती शब्दशः वहीत उतरवून घे. गाणं किती लांबीचं हवं, याच नाटकातलं हवं की बाहेरचं, साथीला पियानो किंवा पेटी वाजवणारं कोणी असेल की ट्रॅक आणायचा, संवाद पाठ करून यायचे की तिथेच वाचायला देणार, नाच आहे का, दुसरी फेरी कधी, एवढ्या प्रश्नांची उत्तरं तिच्यात शोध. जे सापडणार नाही ते शिक्षकांना आधीच जाऊन विचार. असा प्रश्न विचारल्याने कोणी रागावत नाही, उलट लक्षात राहतं.

फॉर्मवरच्या दोन जागा घाईत भरू नकोस. एक, ‘तालमीला कधी येता येणार नाही’. क्लास, सामने, बाहेरगावी जाणं, जे असेल ते खरं लिही. भूमिका मिळावी म्हणून ही जागा कोरी ठेवायची आणि मग दर आठवड्याला दांडी मारायची, यासारखी नाटकाची दुसरी अडचण नाही. अशा मुलाला पुढच्या वर्षी भूमिका द्यायला शिक्षक कचरतात. दुसरी जागा, ‘दुसरी कोणतीही भूमिका चालेल का’. इथे ‘नाही’ लिहिलंस आणि मुख्य भूमिका मिळाली नाही, तर बहुतेक ठिकाणी तुझं नाव यादीतून पूर्णच वगळतात. कोरसमध्ये आनंदाने उभं राहायची तयारी असेल तर ‘हो’ लिही.

नाटकाची गोष्ट वाचल्याशिवाय जाऊ नकोस. कोण कोणाचं कोण, कोणाला काय हवंय, शेवटी काय होतं, एवढं तरी डोक्यात हवं. एक बारकावाही सांगून ठेवतो: शाळांसाठी मोठ्या म्युझिकलच्या आटोपशीर आवृत्त्या निघतात, साधारण ६० मिनिटांच्या, आणि अगदी लहान मुलांसाठी ३० मिनिटांच्या. त्यांतल्या अनेक गाण्यांची पट्टी लहान आवाजांना झेपेल अशी बदललेली असते, काही कडवी गाळलेली असतात. मोठ्यांच्या मूळ प्रयोगाचं रेकॉर्डिंग ऐकून घोकलंस, तर ऑडिशनला भलत्याच पट्टीत सूर सुरू होतो आणि मूल गोंधळून जातं. शाळा कोणती आवृत्ती करतेय हे विचार, आणि त्याच आवृत्तीचा ट्रॅक मिळव.

कोणतं गाणं घ्यायचं

गाणं बाहेरचं न्यायचं असेल तर आधी स्वतःच्या आवाजाचा पल्ला शोध. कीबोर्डवर किंवा फोनवरच्या कीबोर्ड ॲपवर मधला, सहज लागणारा एखादा सूर धर, ‘म्म’ असं गुणगुणत एकेक सूर खाली जा. जिथे आवाजाऐवजी नुसती हवा येऊ लागते तो तुझा तळ. मग वर जा. जिथे मान ताठते, हनुवटी वर सरकते, तिथे तुझं छत आलं. आता वरचे दोन आणि खालचे दोन सूर सोडून दे. राहिलं ते तुझं राहतं घर, आणि ऑडिशनचं गाणं त्या घरातच मावायला हवं. एखादा उंच सूर संध्याकाळी, गळा तापल्यावर, दहातून सहा वेळा लागत असेल तर तो सूर तुझा नाही. सकाळी, घाबरलेलं असताना, पहिल्याच फटक्यात लागतो तो खरा.

याची सोपी परीक्षा आहे. निवडलेला तुकडा मध्ये न थांबता लागोपाठ तीनदा गा. तिसऱ्यांदा घसा खरखरला किंवा शेवटची ओळ ओढूनताणून पूर्ण झाली, तर गाणं बदल किंवा पट्टी उतरव. पट्टी उतरवण्यात कमीपणा काहीच नाही. दीड-दोन स्वरांनी खाली आणल्यावर तेच गाणं एकदम बोलकं होतं, असं पुष्कळदा होतं.

आवाज फुटायच्या वयातल्या मुलांनी यावर जास्त लक्ष द्यायला हवं. साधारण १२ ते १४ या वर्षांत हे होतं, कोणाचं आधी, कोणाचं नंतर. गेल्या वर्षी सहज लागणारे सूर अचानक गायब होतात, मध्येच आवाज घसरतो. तो लपवायला जोर लावलास तर आणखी घसरतो. मधल्या पट्टीतलं, लहान लहान ओळींचं गाणं घे आणि सुरू करण्याआधी एका वाक्यात सांग, ‘माझा आवाज सध्या बदलतोय.’ शाळेत नाटक बसवणाऱ्यांनी अशी मुलं दरवर्षी ऐकलेली असतात. मध्येच चिरकला तर पुढचा शब्द घे आणि चालू लाग.

गाण्याचा विषय वयाला शोभणारा असावा. अकरा वर्षांच्या मुलीने मोठ्यांच्या प्रेमभंगाचं गाणं कितीही सुरात म्हटलं तरी ते उसनं वाटतं, कारण त्यातलं तिने काहीच भोगलेलं नसतं. हट्ट, भीती, मैत्रीतली फारकत, घर सोडून जाणं, काहीतरी जिंकायची ओढ हे मात्र लहान मुलाला पुरेपूर ठाऊक असतं. एखाद्या गायकाच्या विशिष्ट हरकतींवरच उभं असलेलं गाणंही टाळ. ते गाताना आपण नकळत त्याची नक्कल करू लागतो आणि परीक्षकांना तुझा आवाज ऐकायलाच मिळत नाही. नाटक हसतंखेळतं असेल तर रडवं गाणं नेऊ नकोस, जातकुळी जुळू दे.

तुकडा कसा कापायचा

‘१६ बार’ असं सूचनेत लिहिलेलं असतं आणि मुलं घाबरतात. बार म्हणजे तालाचा एक छोटा खण, बहुतेक गाण्यांत चार ठोक्यांचा. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या गतीचं गाणं असेल तर एक बार अडीच सेकंदांचा, आणि १६ बार म्हणजे ४० सेकंद. गती १२० असेल तर तेच १६ बार ३२ सेकंदांत संपतात. ३२ बार म्हणजे त्याच्या दुप्पट. मिनिटांत सांगितलं असेल तर घड्याळ लाव, आणि सांगितल्यापेक्षा पाच सेकंद कमीच ठेव.

गाण्याचा पहिला मुखडाच न्यायला हवा असं मुळीच नाही. जिथे गाणारं पात्र काहीतरी ठरवतं, चिडतं, धीर गोळा करतं, म्हणजे जिथे सुरुवातीला एक असतं आणि शेवटी दुसरंच होतं, तो भाग शोध. बहुतेकदा तो शेवटच्या कडव्यात असतो. तुकडा अर्थाच्या दृष्टीने सुरू होणाऱ्या ओळीवर सुरू कर आणि पूर्ण झालेल्या वाक्यावर संपव. सुरुवातीचं वाद्यसंगीत एका बारवर आण, किंवा नुसता पहिला सूर पुरे. मधलं वाद्यसंगीत निर्दयपणे काप. घरी ते आठ सेकंद कळतही नाहीत, पण खोलीत समोर पाच माणसं बघत असताना आठ सेकंद गप्प उभं राहणं फार लांबतं. मुलं तिथे केस सारखे करतात, जमिनीकडे बघतात आणि जमलेला भाव विरून जातो.

ट्रॅक नेणार असशील तर त्यात मूळ गायकाचा आवाज नसावा. शेवट हळूहळू विरत जाणारा नसेल तर बरं, म्हणजे तुलाही कळतं आणि परीक्षकांनाही, की संपलं. ट्रॅक फोनमध्ये डाउनलोड करून ठेव. तिथे नेट चालेल या भरवशावर राहू नकोस. शिवाय एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा घरच्यांच्या फोनमध्ये असू दे. फोन एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर ऐन वरच्या सुरात घंटा वाजते.

साथीला माणूस असेल तर स्वरलिपीची स्वच्छ प्रत लागते. झेरॉक्स काढताना पानाची खालची ओळ अर्धी कापली जाते आणि डाव्या हाताचे सूर गायब होतात, हे नेहमी घडतं. प्रत काढल्यावर चारही कडा तपास. पानं एकमेकांना चिकटव किंवा फाइलमध्ये लाव, सुटी नेलीस तर पंख्याच्या वाऱ्याने उडतात. कुठून सुरू, कुठे संपतं आणि कुठला भाग गाळायचा हे पेन्सिलीने ठळक दाखव. खोलीत गेल्यावर आधी साथीदाराला नमस्कार कर, सुरुवातीची व शेवटची जागा बोटाने दाखव आणि पहिली ओळ हवी त्या गतीत हळू आवाजात गुणगुणून दाखव. चुटक्या वाजवून गती सांगू नकोस, ते उर्मट दिसतं आणि चुटकी बहुधा गाण्यापेक्षा जलद पडते. गती चुकलीच तर मागे वळून डोळे वटारायचे नाहीत. तुझ्या हव्या त्या गतीत ठामपणे गात राहा, चांगला साथीदार दोन बारांत तुझ्याबरोबर येतो.

साथही नाही आणि ट्रॅकही नाही, नुसतंच गायचंय, तर सगळ्यात मोठा धोका पट्टीचा. घाबरलं की आपण नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत सुरुवात करतो. पहिल्या दोन ओळी छान जातात आणि वरचा भाग आला की गळा अडकतो. यावर इलाज एकच: सुरुवातीचा सूर पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या नावाने लिहून ने, ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’, जो असेल तो, आणि आत जायच्या अगदी आधी फोनवर तो सूर ऐकून मनात धरून ठेव. खोलीत वाद्य असेल तर सरळ विचार, ‘मला काळी दोन देता का?’

एका ओळीवर काम कसं करायचं

समज, तुझ्या गाण्यात अशी ओळ आहे: ‘दार उघडं ठेवलंय मी, तू येशील म्हणून.’

पहिले तीन दिवस ती गायचीच नाही. बोलायची. कोणाला म्हणतोय आपण हे? रागावून निघून गेलेल्या मोठ्या भावाला, असं ठरवू. किती वाजलेत? रात्र झालीय. तो येईल याची खात्री आहे का? नाही, म्हणून तर दार उघडं ठेवलंय. आता हीच ओळ भावाला उद्देशून दहा वेळा बोल. कधी रुसून, कधी विनवून, कधी आपल्याला काही वाटत नाही असं दाखवत. कुठल्या शब्दावर वजन येतंय ते ऐक. ‘दार उघडं’वर वजन दिलंस तर निव्वळ माहिती मिळते. ‘तू’वर दिलंस तर ओळीत माणूस येतो.

मग चाल लाव. चालीत गेल्यावर बहुतेक मुलं ‘येशील’ ताणतात, कारण तिथे सूर लांब आहे, आणि दम संपल्यामुळे ‘म्हणून’ पुटपुटलं जातं. ऐकणाऱ्याला ‘तू येशीऽऽल’ एवढंच कळतं आणि ओळीचा अर्थच बदलतो. म्हणून ‘मी’नंतर श्वास घे, कागदावर तिथे बरोबरची खूण कर, आणि ‘म्हणून’मधला शेवटचा ‘न’ नीट बंद कर. शब्दाचं शेवटचं व्यंजन गिळलं की मागच्या रांगेला गाणं ऐकू येतं, पण कळत नाही.

श्वास घेताना खांदे वर जात असतील तर हवा वरवरच भरते. बरगड्यांच्या खालच्या बाजूला दोन्ही तळवे ठेव, श्वास घेतल्यावर ते बाहेरच्या बाजूला सरकायला हवेत. ओळीच्या शेवटी सूर खाली घसरतो तो बहुतेकदा कान कच्चा म्हणून नव्हे, हवा संपली म्हणून. आणि उंच सूर आला की हनुवटी वर नेण्याची सवय मोड. हनुवटी वर गेली की गळ्याचे स्नायू ताणले जातात आणि सूर आणखी अवघड होतो. आरशासमोर उभं राहून हनुवटी सरळ आणि गुडघे किंचित सैल ठेवून तोच सूर लाव. फरक त्याच क्षणी कळतो.

दोन आठवड्यांचा हिशेब

रोज २० ते २५ मिनिटं पुरतात. एका दिवशी दोन तास बसून घसा बसवून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पहिले तीन दिवस फक्त शब्द, वर सांगितल्यासारखे बोलून. चौथ्या दिवसापासून चाल, संथ गतीत. सहाव्या-सातव्या दिवशी ट्रॅकबरोबर, मग उभं राहून. आठव्या दिवसानंतर ऑडिशनला घालणार तेच कपडे आणि बूट घालून. शेवटच्या तीन-चार दिवसांत रोज एका नव्या माणसासमोर गा: शेजारी, मामा, मैत्रिणीची आई, कोणीही चालेल. अनोळखी डोळ्यांसमोर उभं राहायची सवय घरच्या आरशासमोर होत नाही. आदल्या दिवशी एकदाच, हलक्या आवाजात म्हण आणि सोडून दे.

पाठांतर पक्कं झालंय का, हे बघायला कपड्यांच्या घड्या घालता घालता गाऊन बघ. हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतानाही शब्द आले तर ते घाबरल्यावरही येतील.

फोनवर रेकॉर्ड करताना फोन तोंडाजवळ धरू नकोस, दोन-तीन मीटर लांब ठेव. जवळून सगळ्यांचाच आवाज भरदार वाटतो. मग ते रेकॉर्डिंग दोनदा तपास: एकदा डोळे मिटून नुसतं ऐक, एकदा आवाज बंद करून नुसतं बघ. ऐकताना न कळलेले शब्द कळतात. बघताना डावा हात सारखा सदऱ्याचं टोक ओढतोय, वजन या पायावरून त्या पायावर जातंय, डोळे छताकडे लागलेत, हे सगळं दिसतं. ठरवून केलेले हातवारे काढून टाक. ‘हृदय’ म्हटलं की छातीवर हात आणि ‘आकाश’ म्हटलं की वर बोट, याने गाणं बाळबोध होतं. हात बाजूला सैल सोडले तरी चालतात. सुरुवातीला ते फार जड वाटतात, आठवडाभरात सवय होते.

समोर ठेवलेला कागद वाचताना

संवाद वाचायला देतात तेव्हा पाठांतर बघत नाहीत, ऐकण्याची तयारी बघतात. कागद छातीच्या उंचीवर धर, तोंडासमोर नको. अंगठा चालू ओळीवर सरकवत ने, म्हणजे नजर वर उचलून परत आली तरी जागा सापडते. आपल्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द समोरच्याकडे बघून बोल. आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे बघ. जवळजवळ प्रत्येक मूल तेव्हा आपलं पुढचं वाक्य मनात वाचत असतं, आणि ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

हे उदाहरण बघ.

‘चावी कुठंय?’
‘माझ्याकडे नाही.’

दुसरं वाक्य खरं असू शकतं. खोटं असू शकतं. किंवा चावी धाकट्या बहिणीने हरवलीय आणि तिला वाचवायला तू बोलतोयस असंही असू शकतं. शब्द तेच, पण पहिल्यात उत्तर चटकन येतं, दुसऱ्यात क्षणभर उशिरा येतं, तिसऱ्यात नजर नकळत बहिणीकडे जाते. यातलं एक निवड आणि बेधडक कर. चूक निवडलंस तरी बिघडत नाही, काहीच न निवडता नीट वाचून दाखवणं मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. अडखळल्यास माफी मागू नकोस, शब्द पुन्हा घे आणि पुढे जा.

वाचायला वेळ लागत असेल, अक्षरं उलटसुलट दिसत असतील, तर आदल्या दिवशी उतारा मागून घ्यायला किंवा मोठ्या अक्षरातली प्रत मागायला संकोच करू नकोस. ही सवलत मागण्यात काही गैर नाही, आणि मनापासून नाटक करणारे शिक्षक ती देतात.

‘आता वेगळं कर’

एकदा गाऊन झालं की दिग्दर्शक म्हणतात, ‘छान. आता हेच असं म्हण, की शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय.’ किंवा ‘हेच चिडून.’ पहिल्या वेळचं चुकलं म्हणून ते असं सांगत नाहीत. तू बदलू शकतोस का, हे त्यांना बघायचंय. इथे मुलं बदल करतात, पण तो चमचाभर. आपल्याला आतून खूप वेगळं वाटतं, बाहेर मात्र दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून वाटतं त्याच्या दुप्पट कर. बाळ झोपलंय तर आवाज खरोखर कुजबुजीच्या जवळ ने, खांदे आखडून घे, मध्ये एकदा त्या खोलीच्या दिशेने बघ. समजलं नसेल तर एक प्रश्न विचार, तो आगाऊपणा नव्हे.

याचा सराव घरी मजेत होतो. दहा चिठ्ठ्या करा: घाईत, गुपित सांगताना, पावसात भिजत, हसू दाबत, आजीला समजावत, थंडीने कुडकुडत, आणि अशाच चार तुम्ही सुचवा. घरातल्या कोणीतरी चिठ्ठी उचलायची आणि तू तोच तुकडा तसा म्हणायचा. आठवडाभर रोज तीन चिठ्ठ्या केल्यास तर खोलीत कुठलीही सूचना आली तरी तू गडबडणार नाहीस.

नाच

ताल आठ-आठ मोजून शिकवतात. सुरू करताना ‘पाच, सहा, सात, आठ’ म्हणतात आणि ‘एक’वर निघायचं. शिकताना दुसऱ्या रांगेत, मधोमधच्या आसपास उभं राहा. पहिल्या रांगेत बघायला कोणी नसतं, शेवटच्या रांगेत काही दिसत नाही. आधी पाय पक्के कर, हात नंतर, चेहरा त्यानंतर. शिकवणारे तुझ्याकडे तोंड करून उभे असतील तर ते स्वतःचा डावा पाय टाकत आहेत की तुझ्या उजव्याचा आरसा करून दाखवत आहेत, हे पहिल्याच मिनिटाला विचारून घे. मोज्यांवर नाचू नकोस, पाय घसरतात. घट्ट बसणारे, मऊ तळव्याचे बूट घाल आणि केस बांध. पावलं चुकली तर थांबायचं नाही, हलत राहायचं आणि पुढच्या ‘एक’वर सगळ्यांबरोबर परत घुसायचं. परीक्षक नेमकं तेच टिपत असतात.

त्या दिवशी

पाणी खोलीच्या दारात गटागटा प्यायल्याने आवाज ओला होत नाही. गिळलेलं पाणी अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना ते लागतही नाही. शरीरात मुरायला त्याला वेळ लागतो. म्हणून आदल्या दिवसापासून आणि सकाळपासून थोडं थोडं पी. गाण्याच्या दीड-दोन तास आधी हलकं खा. रिकाम्या पोटी दम टिकत नाही, भरल्या पोटी श्वास खाली जात नाही. घसा सुन्न करणाऱ्या झणझणीत गोळ्या चघळू नकोस. दुखणं जाणवलं नाही की आपण नकळत जोर लावतो.

आत जायच्या आधी दहा मिनिटं गळा तापव. ओठ सैल सोडून घोडा फुरफुरतो तसा ‘ब्र्र्र’ आवाज काढत खालून वर, वरून खाली जा. मग ‘म्म’ गुणगुण. मग जिभेला वळण म्हणून गाण्याचे शब्द भरभर बोल. ताकदीने गाणं म्हणून बघू नकोस. बाहेर वाट बघताना मैत्रिणींशी आरडाओरडा करून गप्पा मारणं हे घसा थकायचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

आत गेल्यावर खूण केलेल्या जागी थांब, नसेल तर परीक्षकांपासून तीन-चार मीटरवर. नाव, इयत्ता, गाणं, एवढंच सांग, पण सावकाश. नाव घाईत गिळलं जातं आणि कागदावर चुकीचं लिहिलं जातं. ‘माझा घसा जरा बसलाय’ हे सांगू नकोस, सगळे मग तेच ऐकू लागतात. खरंच आजारी असशील तर आदल्या दिवशीच कळवून दुसरी वेळ मागायची.

गाताना परीक्षकांच्या डोळ्यांत बघू नकोस, ते लिहीत असतात आणि तुझी लय तुटते. त्यांच्या डोक्याच्या किंचित वर, मागच्या भिंतीवर एक जागा निवड आणि ज्याला उद्देशून गातेयस किंवा गातोयस त्याला तिथे उभं कर. शब्द विसरले तर ‘ला ला’ म्हण, तीच ओळ पुन्हा म्हण, पण ताल सोडू नकोस. पहिल्याच ओळीत पूर्ण घसरलं तर ‘पुन्हा सुरू करू का?’ असं एकदा विचारता येतं. अर्ध्यावरून मात्र मागे जायचं नाही. मध्येच ‘थांब, धन्यवाद’ म्हणाले तर घाबरू नकोस, हवं ते त्यांना मिळालेलं असतं, आणि बाहेर तीस जण वाट बघत असतात. संपल्यावर दोन सेकंद त्या भावातच राहा. मग ‘धन्यवाद’ म्हण, साथीदारालाही म्हण, आणि निघ.

घरच्या मोठ्यांसाठी दोन शब्द

दाराला कान लावून बसू नका, आणि मूल बाहेर आल्या आल्या ‘कसं झालं? चुकलं का कुठे?’ हा मारा करू नका. सराव ऐकताना एका वेळी एकच सूचना द्या. दोन दिल्या की मूल गाणं सोडून सूचनाच आठवत बसतं. यादी लागल्यावर शिक्षकांना फोन करून जाब विचारणं तर कटाक्षाने टाळा. त्याचं ओझं शेवटी मुलावरच पडतं.

दुसरी फेरी आणि यादी

दुसऱ्या फेरीला बोलावलं तर पहिल्या वेळी जे केलंस, जे घातलंस, साधारण तसंच ठेव. ते आवडलं म्हणून तर बोलावलंय. तिथे दोघातिघांना एकत्र वाचायला लावतात, उंची, आवाज, जोडी कशी दिसते ते बघतात. जोडीदाराला झाकून टाकू नकोस, त्याचं ऐक. नाही बोलावलं तर दार बंद झालं असंही नाही. काही भूमिकांबद्दल पहिल्याच फेरीत मन पक्कं झालेलं असतं आणि पुन्हा बघायची गरज नसते.

यादीत नाव हवं तिथे नसेल तर रडू येईल. येऊ दे, पण घरी. ज्याला भूमिका मिळाली त्याचं अभिनंदन त्याच दिवशी करता आलं तर कर, नाहीतर दुसऱ्या दिवशी. तीन-चार दिवस जाऊ देऊन शिक्षकांना एकटं गाठ आणि एवढंच विचार, ‘पुढच्या वेळेसाठी मी कुठली एक गोष्ट सुधारू?’ ‘मला का नाही घेतलं?’ या प्रश्नाला शिक्षक अवघडून गुळमुळीत उत्तर देतात, पहिल्याला नेमकं देतात. ते उत्तर वहीत तारीख घालून लिहून ठेव. कोरसमध्ये नाव असेल तर पहिल्या तालमीला पेन्सिल ने, पेन नको: कोणी कुठून यायचं, कुठे उभं राहायचं, हे पहिल्या आठवड्यात चार वेळा बदलतं आणि खोडून लिहावं लागतं.